सोपविलेले लेकरू : बालवाडीतील मुलांचे आरोग्य व सुरक्षितता



सोयाबीनची काढणी सुरू झाली की नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील खेडी दिवस उजाडताच रिकामी होऊ लागतात. बाया भाकरी फडक्यात बांधून रानाची वाट धरतात. काढणी संपते न संपते तो कापसाची वेचणी येते. दसरा-दिवाळी झाली की मुखेड-कंधारच्या डोंगरपट्ट्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी दूरच्या कारखान्यांकडे निघून जातात. जे लेकरू अंगावर पिते ते आईबरोबर जाते आणि जे मोठे आहे ते शाळेत जाते. मधल्या वयाचे लेकरू मात्र मागे राहते. ते कोणाच्या तरी हाती सोपवावे लागते, कधी आजीच्या, कधी शेजारणीच्या, तर कधी अंगणवाडीच्या सेविकेच्या. आमच्या मंडळ्यांतही उपासनेच्या वेळी आया आत बसतात आणि दहा-पंधरा लेकरे बाहेरच्या ओट्यावर एखाद्या मुलीच्या स्वाधीन असतात. तीही एक घटकाभराची बालवाडीच होय.

लग्नकार्यासाठी शेजारच्या घरून पातेले आणले तर आपण ते घासूनपुसून, पोचा पडला नाही ना हे पाहून परत करतो. पातेल्याविषयी जर इतकी काळजी घ्यावयाची, तर दुसऱ्याचे लेकरू दिवसभर आपल्या हाती असता किती घ्यावी? ह्या प्रश्नाचा विचार आजच्या पाठात करण्याचे आम्ही योजिले आहे. दहा लेकरे एका छपराखाली आली म्हणजे त्यांस एकत्र खाऊ घालणे, शिकविणे व लस टोचणे सोपे होते. परंतु एकाचे दुखणे दहा जणांस होणेही तितकेच सोपे होते. त्यांचे रक्षण मोठ्या औषधांपेक्षा सकाळपासून सांजेपर्यंत पाळावयाच्या लहान लहान नेमांनी अधिक होते, हेच आम्हांस आज सांगावयाचे आहे. म्हणून हा पाठ आम्ही दिवसाच्या क्रमानेच मांडीत आहो.

१. ही रीत कोठून आली

पुष्कळांस वाटते की अंगणवाडी ही केवळ सरकारची योजना आहे. तिचे मूळ मात्र एका मराठी बाईच्या अंगणातील कामात आहे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे, म्हणजे त्या वेळच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातील लहान मुलांसाठी काम आरंभिले. अनुताई वाघ ह्या त्यांच्या सहकारी झाल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ह्या बायांनी बालवाडीच त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली. लेकरांस अंघोळ घालणे, नखे कापणे व केस विंचरणे हेच तेथील शिक्षणाचे पहिले पाठ ठरले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. जे लेकरू आजारी व उपाशी आहे त्यास अक्षर शिकविता येत नाही, ही गोष्ट त्यांनी अनुभवाने ओळखिली होती.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी देशभर तिचे ३३ प्रकल्प होते. त्यांत महाराष्ट्रातील मेळघाटातले धारणी व मुंबईतली धारावी ही दोन ठिकाणे होती. आज गावोगावी ज्या अंगणवाड्या दिसतात त्या ह्याच योजनेच्या होत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठविणे, शाळेपूर्वीचे शिक्षण आणि आयांस आरोग्याचे शिक्षण, अशी सहा कामे त्यांच्याकडे आहेत.

हे काम लिहिता-वाचता येणाऱ्यांचेच आहे असे म्हणून कोणी मागे सरू नये. मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. खेड्यांतील साध्या बायांस, ज्यांतील कित्येकींस अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. आणि त्या बायांनी आपापल्या गावांतील लेकरांचे प्राण राखिले. जे त्यांस साधले ते आमच्या भगिनींस का साधू नये?

२. सकाळ : उंबरठ्यावरची पाहणी

लेकरू आत घेण्यापूर्वी त्यास उजेडात उभे करून क्षणभर नीट पाहावे. अंग तापले आहे काय? डोळे आले आहेत काय? अंगावर पुरळ आहे काय? बोटांच्या बेचक्यांत खरजेचे फोड आहेत काय? रात्री जुलाब किंवा उलटी झाली काय? हे सर्व आणणाऱ्यास विचारावे. ह्या कामास एक मिनिटही लागत नाही, पण त्याने दिवसभराचे अनर्थ टळतात.

गोवर झालेले लेकरू अंगावर पुरळ दिसू लागल्यापासून निदान चार दिवस इतर मुलांत आणू नये. गोवर हा खोकल्या-शिंकेतून वाऱ्यासारखा पसरतो. ज्यांस लस टोचलेली नाही अशी मुले एका खोलीत असली तर त्यांतून क्वचितच कोणी सुटते. २०२२ सालाच्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागात व मालेगावात गोवराची साथ आली. तीत जी लेकरे दगावली त्यांतील पुष्कळांस लस टोचलेली नव्हती. गोवर हा देवीचा कोप नव्हे. त्यावर लस आहे व ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावी. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या लसींनी घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात ह्यांपासून रक्षण होते. पोलिओने पूर्वी गावोगावी मुले पांगळी केली. आपल्या देशात त्याचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये हा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. घरोघरी दोन थेंब नेऊन पाजणाऱ्या सेविकांच्या पायांचे हे फळ होय.

म्हणून ज्याच्या हाती लेकरे सोपविली जातात त्याने प्रत्येकाचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहावे, आणि ज्याची लस राहिली असेल त्याच्या आईस त्याच आठवड्यात आठवण द्यावी. जी कुटुंबे ऊसतोडीस जातात त्यांनी हे कार्ड भांड्याकुंड्यांबरोबर न विसरता बांधून न्यावे. जेथे कोयता चालेल तेथील अंगणवाडीत व आरोग्य केंद्रातही त्यांच्या लेकरांस लस व आहार घेता येतो.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. पुष्कळ ठिकाणी मुले सांभाळणारी बाई एकाच पदराने सगळ्यांची नाके पुसते आणि एकाच बोटाने सगळ्यांच्या डोळ्यांत काजळ घालते. तिचा हेतू मायेचा असतो. परंतु एकाचे आलेले डोळे त्याच बोटाने दहा घरी जातात. काजळ बंद करावे. प्रत्येक लेकराचे स्वतंत्र फडके घरून मागवावे आणि ते रोज धुऊन आणावयास सांगावे.

३. पाणी व हात

पाण्याची किंमत आमच्या भागास कोणी सांगावयास नको. २०१६ सालच्या एप्रिलात मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ नावाच्या त्या गाडीच्या पहिल्या फेरीत दहा डब्यांतून पाच लाख लिटर पाणी आले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांस ठाऊक आहे की पाणी तुटले म्हणजे घरात सर्वांत आधी हात धुणे बंद होते. आणि हात धुणे बंद झाले की खरूज, आलेले डोळे व जुलाब लेकरांत सुरू होतात.

तेव्हा पाणी थोडे असले तरी ते कोठे खर्चावे हे ठरविले पाहिजे. अंगण शिंपडण्यास नसले तरी चालेल, पण हातांस हवेच. शौचाहून आल्यावर, लेकराची शी धुतल्यावर, स्वयंपाकास लागण्यापूर्वी आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. तोटी बसविलेली बादली असली म्हणजे तांब्याभर पाण्यात चार लेकरांचे हात धुऊन होतात. परातीत एकच पाणी घेऊन त्यात सर्वांनी हात बुडविणे हे धुणे नव्हे; ते एकाची घाण दुसऱ्यास वाटणे होय.

पिण्याचे पाणी झाकलेल्या भांड्यात व लेकरांच्या हातास न लागेल अशा उंचीवर ठेवावे. त्यात कोणाचाही पेला किंवा हात बुडू नये. लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच पाणी काढावे. विहिरीचे वा टँकरचे पाणी असल्यास ते गाळून उकळावे, किंवा आशाताईकडून जंतुनाशक थेंब घेऊन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकावेत व अर्धा तास थांबून मग वापरावे. शौचासाठी बालवाडीमागचे मोकळे वावर वापरू नये. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते ही समजूत खोटी आहे. तीही शौचालयात टाकली पाहिजे, नाही तर पुरली पाहिजे.

४. ताट

दुपारचे खाणे ही पुष्कळ लेकरांची दिवसातील पहिली पोटभर भाकर असते. म्हणून ते वेळेवर, ताजे व झाकलेले असावे. तांदूळ-डाळ निवडून घ्यावी. सकाळी शिजविलेली खिचडी दुपार टळेपर्यंत ठेवून वाढू नये. आणि वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने ती स्वतः चाखून पाहावी.

हा चाखण्याचा नेम क्षुल्लक वाटेल. परंतु १६ जुलै २०१३ रोजी बिहारातील गंडामन नावाच्या गावी काय झाले ते ऐका. तेथील शाळेत दुपारचे जेवण जेवलेली २३ मुले मरण पावली. पिकावर फवारावयाचे विष, ज्यास मोनोक्रोटोफॉस म्हणतात, ते स्वयंपाकाच्या तेलात आले होते. हेच औषध आमच्या कापसाच्या व सोयाबीनच्या शेतकऱ्यांस चांगले परिचित आहे. औषधाचा रिकामा डबा टिकाऊ असतो म्हणून धुऊन त्यात तेल, रॉकेल किंवा पाणी ठेवणारी घरे आमच्याही गावांत आहेत. वाचकहो, तो डबा कितीही धुतला तरी खाण्यापिण्याच्या उपयोगाचा होत नाही. तो फोडून निकामी करावा. बालवाडीच्या खोलीत फवारणीचे औषध, खताची पोती, उंदरांचे विष वा रॉकेलची बाटली एक दिवसही ठेवू देऊ नये, मग ठेवावयास सांगणारा गावचा पुढारी का असेना. लेकराने विष घेतल्याची शंका आल्यास त्यास ओकारी काढावयास लावू नये. ज्या डब्यातून घेतले तो डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

पाच वर्षांखालील लेकरांस अख्खे फुटाणे, अख्खे शेंगदाणे, चिंचोके व बोरे देऊ नयेत. असला दाणा श्वासनळीत जाऊन लेकरू गुदमरते. शेंगदाणे कुटून द्यावेत. लेकरू गुदमरले, खोकता येईना की रडता येईना, तर त्याच्या तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, कारण दाणा आणखी आत जातो. एक वर्षाखालील लेकरू हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्या. तेवढ्याने न निघाल्यास त्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. मोठ्या लेकरास पुढे वाकवून तशाच पाच थापा माराव्या. न निघाल्यास पाठीमागून कवळून बेंबीच्या वर पोट पाच वेळा आत व वर दाबावे. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावे आणि दुसऱ्यास मदतीसाठी धाडावे.

ताटाबरोबर तराजूचाही नेम आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक लेकराचे वजन करून लिहून ठेवावे. लेकरू रडत नाही, त्रास देत नाही, एका कोपऱ्यात निमूट बसते, म्हणून ते गुणी आहे असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते गुणी नसून उपाशी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर फितीने मोजावा. तो साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर ते लेकरू अति कुपोषित समजावे आणि त्यास त्याच दिवशी अंगणवाडीताई व डॉक्टर ह्यांस दाखवावे. साडेअकरा ते साडेबारा भरल्यास ते धोक्याच्या वाटेवर आहे. अशा लेकरांसाठी अंगणवाडीत ग्राम बालविकास केंद्र व मोठ्या दवाखान्यात पोषण पुनर्वसन केंद्र असते.

हे केल्याने खरेच काही होते काय, असे कोणी विचारील. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचा आरंभ आमच्या मराठवाड्यातच, त्या वेळच्या औरंगाबादेत झाला. लेकरे शोधणे, त्यांचे वजन करणे व बाळाच्या पहिल्या दोन वर्षांकडे लक्ष देणे ह्यांवर त्याचा भर होता. महाराष्ट्रात दोन वर्षांखालील खुज्या राहिलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ३९ च्या आसपास होते, ते २०१२ च्या पाहणीत शेकडा २४ च्या आसपास उतरले. ह्यास कारणे अनेक असतील. तरी जे मोजले जाते त्याकडे लक्ष जाते, एवढे तरी ह्यातून निश्चित शिकावे.

५. दुखणे आले तर

एके वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही नांदेड जिल्ह्यातील एका वस्तीवर होतो. तेथील एक म्हातारी बाई पाच लेकरे सांभाळीत असे. त्यांतील दीड वर्षाच्या एका मुलास सकाळपासून जुलाब होत होते. म्हातारी प्रेमळ होती, पण तिने त्याचे पाणी तोडले होते. “जेवढे पाजावे तेवढे बाहेर पडते, म्हणून पाजले नाही,” असे ती म्हणाली. दुपारपर्यंत मुलाचे डोळे खोल गेले. त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली बसे. तेवढ्यात शेजारची एक सून आली. तिने अंगणवाडीत शिकल्याप्रमाणे क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात कालविली आणि मुलास मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने पाजू लागली. त्याने ओकले. ती दहा मिनिटे थांबली आणि पुन्हा पाजू लागली. दुसऱ्याने गाडी आणली व वाटेतही पाजणे चालूच राहिले. ते लेकरू वाचले. आम्ही पाहत होतो, आणि पाण्याचा घोट एवढा मोलाचा असतो हे त्या दिवशी आम्हांस नव्याने कळले.

जुलाबाने लेकरू मरते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालात आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर व सोडा ह्यांचे पाणी तोंडाने पाजण्यास रोग्यांच्या नातलगांसच शिकविले. छावणीतील पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ हूनही खाली आले. तीच पुडी आज आशाताईकडे फुकट मिळते. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर व सपाट अर्धा लहान चमचा मीठ घालावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, म्हणून आधी चाखून पाहावे. ते अश्रूंहून खारट लागू नये. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील लेकरास पाव ते अर्धा पेला व मोठ्यास अर्धा ते एक पेला पाजावे. अंगावरचे दूध, पेज, वरणाचे पाणी व पातळ खिचडी चालू ठेवावी. जुलाब थांबले तरी जस्ताची गोळी पुरे चौदा दिवस द्यावी; सहा महिन्यांखालील लेकरास अर्धी व त्यावरील लेकरास एक.

दुसरे भय छातीचे. सर्दी-खोकला पुष्कळ लेकरांस होतो व बहुधा आपोआप बरा होतो. परंतु न्यूमोनिया, ज्यास जुन्या बाया डबा म्हणत, तो वेळीच ओळखला नाही तर प्राण घेतो. लेकरू शांत असता त्याचे पोट उघडे करून पुरे एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांखालील लेकराचे ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या लेकराचे ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० वा अधिक भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर क्षणाचाही विलंब लावू नये. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी गावच्याच माणसांस श्वास मोजून औषध देण्यास शिकविले, आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी झाले, हे १९९० साली प्रसिद्ध झाले आहे. पोटावर बिब्बा घालणे किंवा तापलेल्या सळईने डागणे ह्याने रोग जात नाही. रोगाच्या यातनेत भाजल्याच्या यातनेची भर मात्र पडते.

ही लक्षणे पाठच करून ठेवावीत. लेकरू पीत नाही, जे घेते ते सर्व ओकते, झटके येतात, गुंगीत पडून राहते, शौचातून रक्त पडते, किंवा श्वास जोरात चालतो. ह्यांतील एकही दिसले तर आई रानातून येईपर्यंत वाट पाहू नये. आईस निरोप धाडावा, १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लेकरू घेऊन निघावे.

६. जागा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, गणेशोत्सवाची अखेरची रात्र संपवून लोक निजले असता किल्लारी व आसपासच्या लातूर-उस्मानाबादच्या गावांत धरणी हादरली. काही क्षणांत हजारो माणसे गेली. भूकंपाइकेच प्राण तेथील घरांनी घेतले, कारण दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदाचा जड ढीग निजलेल्या माणसांवर कोसळला. आमच्या गावांत अजूनही जुनी माळवदे आहेत, आणि कधी कधी बिनभाड्याची मिळते म्हणून तीच जागा बालवाडीस देतात. ज्या भिंतीस भेग गेली आहे, जिचे पोट बाहेर आले आहे, किंवा जी पावसात ओल धरते, तिच्याखाली लेकरे बसवू नयेत. त्यापेक्षा लिंबाची सावली बरी.

खोलीभोवतीही एकदा फिरून पाहावे. विहिरीस कठडा आहे काय? हौद व पाण्याची टाकी झाकलेली आहे काय? रांगते लेकरू वीतभर पाण्याच्या बादलीतही बुडून मरू शकते. विजेची उघडी तार, चुलीवरचे उकळते पातेले, रस्त्याकडे उघडणारे दार, मोगली एरंडाचे झाड, ह्यांतील एकेक आमच्या लेकरांचा वैरी आहे. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि त्यांस उलट्या-जुलाब होतात. भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी ओतावे. राख, शाई वा दंतमंजन लावू नये. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दार लावून लेकरांस निजवू नये.

कोपऱ्यात लाकडे, गोवऱ्या व दगड रचून ठेवू नयेत, कारण तेथे विंचू व साप राहतात. विंचू चावून लेकराचे अंग गार पडले, घाम सुटला वा ओकारी झाली तर मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर ह्यांनी दाखवून दिले आहे की प्राझोसिन ह्या स्वस्त गोळीने विंचूदंशाचे मृत्यू पुष्कळ टळतात; परंतु ती डॉक्टरानेच वेळीच दिली पाहिजे. साप चावल्यास तो भाग हलू देऊ नये, चीर पाडू नये, दोरी आवळू नये. लेकरास उचलून थेट सरकारी दवाखान्यात न्यावे.

७. सांज : परत देणे

सकाळी जितकी लेकरे आली तितकीच सांजेस आहेत काय, हे मोजावे. लेकरू त्याच माणसाच्या हाती द्यावे ज्यास आईने सांगितले आहे. ओळखीचा आहे एवढ्यावर कोणासही देऊ नये. लेकरे एकाच माणसाच्या स्वाधीन, सर्वांच्या नजरेआड, फार वेळ ठेवू नयेत. दोन मोठी माणसे असावीत व दार उघडे असावे. आठ वर्षांची बहीण ही मोठे माणूस नव्हे. तिची जागा शाळेत आहे. लेकराच्या अंगास कोणी वाईट हेतूने हात लावला असे कळले तर तो मनुष्य घरचा असो की मंडळीतला वजनदार असो, झाकून ठेवू नये. २०१२ सालच्या कायद्याने हा मोठा गुन्हा आहे व तो कळविणे बंधनकारक आहे. १०९८ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मदत मिळते.

आणि दिवसभर जे झाले ते आईस खरे सांगावे. लेकरू पडले असेल, जेवले नसेल, दोनदा जुलाब झाले असतील, तर बोल लागेल ह्या भयाने लपवू नये. आम्ही वर सांगितलेल्या त्या लेकराची आई रात्री दवाखान्यात धापा टाकीत आली, तेव्हा म्हाताऱ्या बाईने तिचे हात धरून म्हटले, “मी पाणी तोडले, बाई. माझी चूक झाली.” ते खरे बोलणे डॉक्टरासही उपयोगी पडले. पुढे तीच म्हातारी वस्तीतील बायांस पुडी कालवून दाखवू लागली. आई मात्र त्या रात्री एवढेच विचारीत राहिली, “आता पाणी पितोय ना?”

प्रत्येक आई सांजेस रानातून येताना असाच एक प्रश्न मनात घेऊन येते. त्यास खरे व चांगले उत्तर देता यावे, एवढ्यासाठी हे सारे नेम आहेत.

पाठ शिकविणाऱ्यांनी विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या गावात आया कामास गेल्यावर लहान लेकरे कोणाच्या हाती असतात? त्यांस ह्या पाठातील किती गोष्टी ठाऊक आहेत?

२. उंबरठ्यावर लेकरात काय काय पाहावे? गोवर झालेले लेकरू किती दिवस वेगळे ठेवावे?

३. पाणी थोडे असता ते आधी कोठे खर्चावे, व का?

४. घरच्या घरी मीठ-साखरेचे पाणी कसे करावे? वर्गात करून दाखवा व सर्वांस चाखावयास द्या.

५. घड्याळ लावून एका शांत लेकराचे श्वास एक मिनिट मोजा. कोणत्या वयास किती श्वास धोक्याचे?

६. ह्या आठवड्यात आपल्या अंगणवाडीच्या किंवा उपासनेच्या जागेभोवती फिरून पाहा. लेकरास अपाय करील अशी कोणती एक वस्तू पुढल्या रविवारापूर्वी तुम्ही दूर कराल?